यशोदाबाईंचा एकोणीस इंची मॉनिटर

सिंदी मेघेतल्या त्या टायपिंग क्लासची पाटी आता नाही. पण वर्ध्याच्या एखाद्या ऑफिसात पन्नाशीपुढचा बाबू बोटांकडे न पाहता सटासट टाइप करताना दिसला, तर तो बहुधा यशोदा चाफलेंच्या हाताखालून गेलेला असतो. मीही त्यातलाच. १९९४ साली चाळीसच्या स्पीडची परीक्षा त्यांनीच माझ्याकडून करून घेतली. नजर बोटांकडे गेली की त्या मशीनवर रुमाल टाकायच्या. रागावणं नाही, बोलणं नाही, फक्त रुमाल.

पुढे पोरं टायपिंग सोडून कॉम्प्युटरकडे वळली. बाईंनीही एक जुना कॉम्प्युटर आणला. कुण्या विद्यार्थ्यानं त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम टाकून ठेवला होता. दुपारी क्लास रिकामा असायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई तो गेम खेळून पाहायला बसल्या आणि त्यात रमल्या. वर्षभरात अशी वेळ आली की क्लासमधला एकही पोरगा त्यांच्या गाडीला गाठू शकत नव्हता.

२००६च्या उन्हाळ्यात त्यांचा चौदा इंची मॉनिटर थकला. लाल रंग गेला, चित्र थरथरू लागलं, डोळ्यांतून पाणी यायचं. बाईंनी नवा घ्यायचं ठरवलं. शेजारी राहणारे त्यांचे मोठे दीर अण्णाजी ते ऐकून अंगणातूनच म्हणाले, "बंद पडला तं पडू द्या ना. या वयात पोथी वाचा. पोट्ट्यांचे खेळ खेळता, लोक हासून राह्यले."

"तुमी पारावर दिवसभर पत्ते कुटता, तेव्हा कोन हासते?"

"पत्ते येगळे."

"काऊन येगळे? तिथं तुमी हरता म्हनून?"

अण्णाजी आत गेले. बाईंचे यजमान हरिभाऊ, निवृत्त क्लार्क, वर्तमानपत्र घडी घालून म्हणाले, "जाचं असन तं चाला. मी ऑटो पाह्यतो."

बाईंनी दोन टाइपरायटर कोर्टासमोरच्या अर्ज लिहिणाऱ्यांना विकले होते. त्याचे साडेचार हजार आले. तेवढ्यातच काय ते बसवायचं होतं.

मी तेव्हा ताराचंदशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर असायचो. बाई आल्या तसा मी उठून उभा राहिलो. त्यांनी मॉनिटर दाखवायला सांगितला. शेठनं विचारलं, "काकू, पोराले पाह्यजे का नातवाले?"

"मले. गेम खेळाले."

शेठ हसला. मग त्यानं काचेतला पातळ, चपटा मॉनिटर पुढे ओढला. साडेआठ हजारांचा. "गेमिंगले आता हाच चालते. पैशाचं काय, हप्ते पाडून देतो."

"हप्ते नको. पहिले चालवून पाहीन."

त्यांनी पिशवीतून गेमची सीडी काढली. शेठनं नाइलाजानं मला खूण केली. मी गेम टाकतो न टाकतो तोच लाइट गेली. त्या वर्षी भारनियमन फार होतं. बाराला गेलेली लाइट दोनशिवाय यायची नाही. "संध्याकाळी या," शेठ म्हणाला. बाई एकदा गेल्या की परत येणार नाहीत, असा त्याचा हिशेब असावा. बाईंनी स्टूल ओढलं आणि पदरानं वारा घेत दोन तास तिथंच बसल्या. हरिभाऊ दारातल्या सावलीत.

लाइट आली. बाईंनी चपट्या मॉनिटरवर गाडी सोडली. सरळ रस्त्यावर झकास होतं. वळण आलं आणि गाडीमागे धुरकट रेघ उमटली, कडेची झाडं पुसल्यासारखी झाली.

"याले मागं शेपूट येऊन राह्यलं," बाई म्हणाल्या.

दुकानात भूपेंद्र नावाचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी उभा होता. तो म्हणाला, "काकू, तुमच्या डोळ्यांचं असन. सगळे हाच घेतात."

बाईंनी मला दुसरा लावायची खूण केली. मग मी पंधरा इंची नवा, पण जुन्या पद्धतीचा जाडा मॉनिटर लावला. त्यांच्या पैशात तो बसत होता. चित्र स्वच्छ होतं, शेपूट नव्हतं. पण बाईंनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "थरथरते. सेकंदाले किती वेळा उजयते हा?"

"गेमच्या या सेटिंगले साठ वेळा," मी म्हणालो.

"घरचाही तेवढाच. मंग याच्यात मले काय भेटलं?"

मागच्या कोपऱ्यात, खोक्यांखाली, एका छापखान्यानं काढून टाकलेला एकोणीस इंची जाडा मॉनिटर पडला होता. बाईंनी बोट दाखवलं. "त्याच्यात काय बिघाड आहे?"

शेठ माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "बिघाड काही नाही, बाई. मीच तपासला. फक्त फार जड आहे."

"पंधराशे द्या अन् उचला," शेठ म्हणाला. "जागा तरी मोकळी होईन."

दोघांनी मिळून तो टेबलावर चढवला. चालू करताच ठण्ण आवाज झाला आणि चित्र स्थिरावलं. छपाईच्या कामासाठी घेतलेला भारी माल तो. मी सेटिंग वाढवत नेली. सेकंदाला शंभर वेळा उजळूनही कुरकुर नाही. बाईंनी गाडी सोडली. वळणावर झाड न् झाड वेगळं दिसत होतं. त्यांची पाठ सरळ झाली, आणि क्लासमधल्या जुन्या बाई मला तिथं दिसल्या.

"ये, बस," त्या भूपेंद्रला म्हणाल्या. "दोन्हीवर चालव."

चपट्यावर तो तीनदा कठड्याला धडकला. जाड्यावर एकदाच. त्यानं पुन्हा खेळून पाहिलं, मग हळूच विचारलं, "शेठ, याचे किती?"

शेठचा चेहरा बदलला. "तीन हजार."

"पंधराशे म्हनले तुमी," बाई म्हणाल्या.

"कोन म्हनलं? चालू आहे का नाई ते पाह्यल्याबिगर भाव कसा सांगन मी?"

"माह्याजवळ तीन हजार आहेत. देनार नाई. सकाळपासून तो खोक्याखाली मेला होता, तेव्हा पंधराशे. मी बसून त्याले निवडला, तं त्याचा भाव वाढला? शब्द फिरवा, पन मले बाहेर काढून दाखवा."

आणि त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. शेठनं मला विचारलं, "सांग रे, म्हनलो का मी?"

त्या नोकरीवर माझं घर चालत होतं. तरी तोंडून निघालं, "म्हनले होते, शेठ."

भूपेंद्र खाली पाहत म्हणाला, "काकूंनी पहिले पाह्यला. मले नको."

शेठनं पंधराशेची पावती फाडली. बाईंनी तिच्यावर आठ दिवसांत परत घेण्याची ओळ लिहून घेतली, सहीसकट. शेठ महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, पण मला कामावरून काढलंही नाही.

ऑटोत मॉनिटर मागच्या सीटवर बसला, बाई त्याला धरून, आणि हरिभाऊ ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर. उरलेल्या पैशांतून बाईंनी नागपूरहून स्टीअरिंग आणि पायाखालचं ब्रेक-अॅक्सिलरेटर मागवलं. अण्णाजींना वाटलं, भावजय आता खरंच गाडी घेते की काय.

डिसेंबरात वर्ध्याच्या एका सायबर कॅफेनं शर्यतीची स्पर्धा ठेवली. फॉर्म लिहिणाऱ्यानं विचारलं, "मुलाचं नाव?" बाईंनी त्याच्या हातून फॉर्म घेतला आणि स्वतःचं नाव, वय त्रेपन्न, ठळक अक्षरात लिहिलं. पंधरा जणांत त्या तिसऱ्या आल्या. बक्षीस काही नव्हतं, नुसतं प्रमाणपत्र.

"तिसरी?" अण्णाजी म्हणाले.

"पहिल्या दोघाईच्या वयाची बेरीज करा," बाई म्हणाल्या. "चाळीस होत नाई."

पुढच्या वर्षी त्या सातव्या आल्या. पोरं तयार झाली होती, भूपेंद्र तर पहिला आला. त्याच्यापुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा नाव दिलं.