अर्ध्या कोयत्याचा निकाल

पाथर्डीकडच्या दगडाबाईला कुणी ‘गप्प बस’ म्हटलं की ती हमखास बोलायची. ऊसतोडीच्या करारावर मात्र तिचं नावच नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा आणि नाव लिहायचं नवऱ्याचं, ही टोळीची रीत. कोल्हारच्या फडात ट्रॉलीखाली तिच्या डाव्या हाताची बोटं गेली, तेव्हा विमावाले म्हणाले, मजूर म्हणून नवरा सहादेव आहे, ही बाई कोण?

खालच्या कोर्टानंही तेच धरलं. श्रीरामपूरच्या विजया वकिलांनी संभाजीनगरच्या खंडपीठात अपील केलं आणि जिंकलं. बाईही मजूरच, असा निकाल लागला. दगडाबाईला रडूच कोसळलं. डोळे पुसत तिनं विचारलं, “मंग आता आमच्या बनीचं बी हुईल ना?”

बनुबाई तिच्याच टोळीतली. तिचा पाय गेला होता, अपील दुसऱ्या वकिलाकडे होतं.

विजयाबाई घुटमळल्या. “त्यांच्या वकिलाला हा निकाल कळायचा कसा? कुठला निकाल छापायचा ते न्यायमूर्ती ठरवतात. कायद्याचा नवा मुद्दा दिसला तर तसा शेरा मारतात. तुमच्या निकालावर तसा शेरा नाही. निकाल छापणाऱ्या मासिकाला मी पाठवला, तर ते म्हणाले, ही एका बाईची हकिगत आहे.”

“छापला न्हाई म्हंजी खोटा झाला का?”

“खोटा नाही हो. ढिगात पडला.”

“मंग द्या हिकडं. मीच नेऊन देते बनीच्या वकिलाला.”

नुसता देऊन ती थांबली थोडीच! सुनावणीला बनुबाईशेजारी जाऊन बसली. विमावाल्यांचा वकील म्हणाला, असा निकाल कुठं छापलेलाच नाही. न्यायमूर्तींनी तो वाचला आणि विचारलं, “या दगडाबाई कोण?”

“मी हाय की हितं!” मागून आवाज आला. सगळे हसले, न्यायमूर्तीही.

बनुबाई जिंकली. हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार, म्हणून या निकालावर छापण्याचा शेरा पडला. त्यात दगडाबाईच्या निकालाचाही आधार घेतला होता. “कष्ट माझं आन् नाव बनीचं,” असं कुरकुरत तिनं टोळीभर पेढे वाटले.

दसऱ्याला मुकादम काकासाहेबानं करारावर ‘सहादेव’ लिहिलं. जन्मात रीत न मोडलेला सहादेव खाली बघत म्हणाला, “थांबा. हिचं बी नाव लिवा.”

कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं, तरी दगडाबाईच्या तोंडून शब्द फुटेना.