मुठीत मावणारे पेशंट

तसा मी गुराढोरांचा डॉक्टर. पण आळेफाट्याच्या माझ्या दवाखान्यात हल्ली मुठीत मावणारे पेशंटही येतात. गाय बरी झाली की मालक विसरतो, मीही विसरतो. हे चिमुकले मात्र किस्से मागे ठेवून जातात. बहुतेक वेळा कायमचेच जातात!

*

येडगावच्या एका भाऊंनी शुगर ग्लायडर आणला. खारीएवढा, राखाडी, टपोऱ्या डोळ्यांचा.

"डॉक्टर, ह्या उंदराला पोटाशी गाठ आलीया."

"उंदीर नाही भाऊ, कांगारूच्या नात्यातली मादी आहे. पोटाला पिशवी असते, पिलू त्यात वाढतं."

पिशवीत पिलू होतं. मेलेलं.

भाऊ खाली बसले. "आमी रोज शेकून दाबत व्हतो राव!"

*

एका हॉटेलवाल्यानं लव्हबर्डचा पिंजरा भट्टीशेजारी टांगला. तेलाच्या धुरानं जोडी गुदमरली.

"गिऱ्हाइकं लई खूश व्हती त्यांच्यावर," तो रडवेला होऊन म्हणाला.

माझे कंपाउंडर सलीमभाई पिंजरा पुसत होते. "अन् पाखरं?" त्यांनी विचारलं.

*

एका शिक्षिकाबाईंनी लव्हबर्ड आणि ग्लायडर, दोन्ही पाळले होते. कोणता बरा, म्हणून मी विचारलं.

"लव्हबर्ड दिवसभर किलबिलतो. आजारी पडला की घर गप्प होतं, लगेच कळतं. ग्लायडर दिवसा झोपतो. गेला तरी संध्याकाळपर्यंत आम्ही हळूच बोलत होतो, झोपमोड नको म्हणून!"

*

पिंपरी पेंढारचे तात्या एकटे राहतात. काकू गेल्या तेव्हा पुण्यातल्या मुलानं सोबतीला म्हणून कुणाबरोबर तरी लव्हबर्ड पाठवला. तो मेला. मग ग्लायडर पाठवला. परवा तात्या त्याला बंडीच्या खिशात घालून घेऊन आले.

"चार दिस झालं, खात न्हाई. अंगावरची केसं उपटतंय."

मी तपासलं. रोग काही नव्हता.

"तात्या, हे कळपात राहणारं जनावर. एकटं पडलं की असंच झुरतं."

"औषध?"

"औषध नाही."

तात्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "डॉक्टर म्हणत्यात, एकटं ठिवलं की ह्ये जगत न्हाई."

"बरं बाबा, मीटिंगमध्ये आहे. पुढच्या आठवड्यात अजून एक पाठवतो."

तात्यांनी खिशावर हात ठेवला.

"पाठवू नगं," ते म्हणाले. "घिऊन ये."