कौसाबाईचे वीस किलो

परदेशात राहून आलेल्या बाईच्या घरात दोन गोष्टी साठत्यात, रिकामे डबे अन् किस्से. डबे मी गल्लीत वाटून टाकले. किस्से कुणी घरी नेत नाय, माझ्या ओट्यावर बसूनच ऐकत्यात अन् वर चहा पिऊन जात्यात. कुणाचं पोरगं तिकडं निघालं की त्याची आई पहिली माझ्याकडं येती. "मावशी, काय न्यायचं, काय नाय, तेवढं सांगा." मी सांगाया बसते. एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, अन् ती बाई काय विचाराया आली व्हती तेच विसरून घरी जाती.

माझा प्रकाश आधी वाळूजला कंपनीत व्हता, मंग शारजाला गेला. त्याच्यामागं मी गेले अन् नऊ वर्षं राहिले. तिथं आपल्या औरंगाबादच्या लोकांची (नाव बदललंय, ठावं हाय मला, पण जिभेला जुनंच येतं) दर शुक्रवारी बागेत बैठक बसायची. गावाकडं निघालेला माणूस उभा राहून सांगायचा, "माझे आठ किलो मोकळे हायत." मंग ते किलो वाटायचे. कुणाचं आईसाठी स्वेटर, कुणाचं भाच्याला खेळणं. येताना बी तसंच, कुणाची चटणी, कुणाचं ज्वारीचं पीठ.

त्याचे नियम दोनच. जागा कमी पडली तर आपलं सामान काढायचं, दुसऱ्याचं नाय. अन् घ्यायच्या आधी उघडून बघायचं. हा दुसरा नियम माझ्यामुळं लागला.

*

हमीदा आपा पैठणची. तिचे मियाँ दोन महिने तिच्याकडं राहून गावी गेले. मागनं मी निघाले तर ती म्हणली, "गया, तेरे पास तीन किलो है ना? ये मिक्सर घर पे दे देना. बस, और कुछ नक्को."

मुंबईला उतरले. कस्टमच्या साहेबानं खोकं उघडलं. मिक्सरच्या भांड्याचं झाकण काढलं, आतनं टॉवेल निघाला, अन् टॉवेलातनं टेबलावर पडली कवळी. सगळी बत्तीशी त्याच्याकडं बघून हसतीय! साहेब दोन पावलं मागं सरला.

"आजी, ये किसके हैं?"

मला कुठं काय ठावं? पण गप बसणं माझ्या स्वभावात नाय. म्हणलं, "माझे नायत साहेब, माझे हे बघा," अन् तोंड उघडून दावलं.

पैठणला मिक्सर अन् मियाँची तिकडं विसरलेली कवळी दिली. मियाँनी तिथंच धुऊन तोंडात बसवली, दोनदा चावून बघितलं, अन् महिन्याभरानं पहिलं नीट वाक्य बोलले, "दाँत आ गए तो मिक्सर कायकू भेजी?"

*

आता खरी गोष्ट. आमच्यात सुनीता नावाची पोरगी व्हती. नवरा भास्कर, तिथल्या गोदामात कामाला. लग्नाला आठ वर्षं झाली व्हती, दोनदा दिवस राहिले अन् दोनदा गेले. तिसऱ्या वेळेला पाचवा महिना लागला तशी ती माझा हात धरून रडली. "मावशी, ह्या टायमाला आई पाहिजे. ती जवळ असली तर हे टिकल."

तिची आई कौसाबाई वेरूळच्या अलीकडच्या गावात एकटी राहणारी. एसटीतसुद्धा डोळे मिटून बसायची. मी तवाच गावी निघाले व्हते. शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहिले अन् म्हणलं, "ह्या टायमाला माझे किलो नायत. येताना मी कौसाबाईला आणते."

हमीदा आपा म्हणली, "वो पार्सल भारी पड़ेगा, गया."

*

पहिलं काम पासपोर्ट. कागद दिले, फोटो काढला, अन् वाट बघत बसलो. महिना झाला तरी पत्ता नाय. मंग मीच तिच्या गावी गेले.

कौसाबाई खुशीत. म्हणली, "पोलीस आला व्हता मला धराया. पण गल्लीनं वाचवलं."

म्हणलं, "कसं वाचवलं?"

तर झालं असं. चौकशीचा पोलीस आला अन् त्यानं पहिल्या घरी विचारलं, "कौसाबाई इथंच राहत्यात का?" पहिलं घर म्हणलं, "ठावं नाय." दुसरं म्हणलं, "ती गाव सोडून गेली." तिसऱ्या घरात तिची सख्खी जाऊ. तिनं पदर डोळ्याला लावला अन् सांगितलं, "साहेब, बाई जाऊन दोन वर्षं झाली." त्या वख्ताला कौसाबाई दाराआड डाळ निवडीत बसली व्हती. तिला बी जावेचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन ठाण्यात. हवालदारानं विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणलं, "तुमच्याकडं मेलेल्या बाई."

सगळं परत करण्यात दोन महिने गेले. सुनीताला सातवा लागून सरला. म्हणून मी आता पासपोर्टवाल्या प्रत्येकाला सांगते, बाबा, कागद मागनं कर. आधी गल्लीला सांग की पोलीस येणार हाय, अन् तो आपल्याच कामाला येणार हाय.

*

विमानतळावर सरकता जिना असतो, तर शहरातच सवय व्हावी म्हणून मी तिला मॉलमधी नेलं. बाई जिन्यासमोर थांबली. "गया, ह्याच्यावर कसं चढायचं?"

आता ती असं विचारती अन् मी सरळ सांगू? म्हणलं, "चपला काढून. आधी हात जोड."

तिनं चपला काढल्या, जिन्याला हात लावून कपाळाला लावला, अन् चढली. कुठं धडपडली नाय की काय नाय, देवीसारखी वर गेली. मी हसू दाबत मागं बघते तर काय, लग्नाचा बस्ता बांधाया आलेल्या पाच बाया रांगेत उभ्या, अन् सगळ्या चपला काढतायत!

वॉचमन पळत आला. "मावशी, ह्या कुणाच्या चपला?"

वरनं कौसाबाईनं आवाज दिला, "गया, चपला मशीन कधी आणून देतं?"

*

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली. तिला काळजी, "तिकडच्या साहेबानं काय विचारलं तर मी काय बोलू? मला हिंदी येत नाय."

मी म्हणलं, "काय बी विचारू दे. हसायचं अन् म्हणायचं, यस सर."

चार दिवस घोकून घेतलं. "कौसे, विमानात बसणार का?" "यस सर." "सासू चांगली व्हती का?" तिनं नाक मुरडलं. "यस. सर म्हणत नाय."

लाडू माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर वळले. डिंक, खारीक, खोबरं, मेथी. बाळंतिणीला घालत्यात म्हणून तिनं पावशेर खसखस बी आणली व्हती. तीच मी कुणालाच नेऊ देत नाय. आपल्याकडं मसाल्यात टाकत्यात, पण तिकडं ती अफूच्या झाडाची म्हणून थेट तुरुंग. आमच्यातला एकजण चिमूटभर खसखशीपायी किती दिवस आत बसला व्हता, त्याची बायको बागेत येऊन रडायची. मी कौसाबाईला तीनदा बजावलं. लाडवात नाय, मसाल्यात नाय, शिऱ्यात नाय.

ती म्हणली, "मंग हिचं काय करू? लई चांगली हाय."

"काय बी कर. खायच्यात घालू नको."

"यस सर," ती म्हणली.

*

कौसाबाईची बॅग, लाडू अन् लोकांचे डबे भरून, माझ्या सख्ख्या दिराच्या, नामदेवच्या रद्दीच्या दुकानात मोजली. त्याच्या काट्यावर बरोबर वीस किलो. तिकिटावर तेवढेच चालायचे. मुंबईला बी आम्ही त्याच्याच गाडीतनं गेलो.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. काउंटरवरची पोरगी म्हणली, "छब्बीस."

मी म्हणलं, "बाई, तुझा काटा बिघडलाय." तिनं परत ठेवली. परत सव्वीस. मला एकदम दिसलं, तीस वर्षं मी माझी रद्दी नामदेवला घालतीय.

माझी बॅग आधीच आत गेली व्हती, हिच्यातनंच सहा किलो काढायचे. नियम म्हणजे नियम, दुसऱ्यांच्या डब्यांना हात लावायचा नाय. लाडू सुनीताचे. मंग कौसाबाईनं स्वतःची लुगडी काढली, अंगावरचं सोडून समदी. बाहेर थांबलेल्या नामदेवकडं ती परत दिली, अन् मी वर निरोप दिला, "काटा बघून ठेव. मी आल्यावर बोलू."

तरी बी जरा जास्तच भरत व्हतं. तिनं तळातनं बाळाची उशी काढली, तळहाताएवढी, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली. "गया, एवढी तुझ्याजवळ धर." आपल्याकडं पोराचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करत्यातच. मागं रांग ओरडत व्हती. बाळाची उशी कोण उसवून बघतं? घातली काखेत. विमानात तीच मानंखाली घेऊन मी झोपले.

*

शारजाला उतरलो. काळ्या बुरख्यातली तरणी ऑफिसर. तिनं लाडवाचा डबा उघडला, वास घेतला, अन् कौसाबाईला हिंदीत विचारलं, "इसमें खसखस है?"

कौसाबाई गोड हसली. "यस सर."

मी मधी घुसले. म्हणलं, "नहीं मॅडम, नहीं, ये बाई..."

"मैं इनसे पूछ रही हूँ." परत विचारलं. कौसाबाई आणखी गोड हसली. "यस सर."

आम्हाला खोलीत बसवलं. काचेपल्याड, लांब, सुनीता उभी दिसत व्हती. नववा महिना, एक हात कंबरेवर, एक हात पोटावर. आत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. कौसाबाईला परत विमानात बसवलं तर ही पोरगी एकटी पडणार. अन् ते माझ्या चेष्टेपायी.

मी खरं सांगून टाकलं. ऑफिसरला पटेना. म्हणून मी तिच्यासमोरच हिंदीत विचारलं, "कौसे, तू गधी है क्या?"

"यस सर."

ऑफिसरनं तोंडावर हात धरला. पण काम ते काम. सात लाडू फोडले, आत नेऊन तपासले. दोन तास लागले. ती ऑफिसर पोरगी मनाची मायाळू. माझी कंबर धरलीय हे बघून तिनंच ती बाळाची उशी उचलली, जरा थोपटून सारखी केली, अन् माझ्या पाठीमागं लावून दिली.

लाडवात काय निघालं नाय. आम्हाला सोडलं. कौसाबाई काचेच्या दारातनं बाहेर पडली अन् सुनीतानं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. भास्कर बॅग उचलायचं विसरून तिथंच उभा राहिला.

*

तिसऱ्या दिवशी सुनीताला मुलगी झाली. धडधाकट, आवाज तर असा की शेजारचा पठाण दार उघडून बघाया आला. कौसाबाई पाटावर पाय पसरून तिला न्हाऊ घालायची, अन् सुनीता पलंगावरनं नुसती बघत राहायची.

पाचवीला मी अन् हमीदा आपा गेलो. पोरगी त्या उशीवर झोपली व्हती, डोकं कसं छान बसलं व्हतं. मी सहज उशीचा कोपरा बोटात धरून दाबला. मोहरी बोटाला लागती, दाणा कळतो. हे तर पिठासारखं सरकलं.

"कौसे," म्हणलं, "ह्यात मोहरी ना?"

"मोहरी टोचती कवळ्या डोक्याला."

"मंग काय हाय?"

हमीदा आपानं दुसरा कोपरा दाबला. माझ्याकडं बघितलं. हळूच उठली अन् बाहेरचं दार लावून आली.

माझी कंबर, जिला त्या उशीनं दोन तास टेकू दिला व्हता, तिथल्या तिथं बसली.

कौसाबाईनं नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं अन् म्हणली, "तूच म्हणलीस न्हवं, काय बी कर, खायच्यात घालू नको."