शेखरनं चहा घेतला ती गाडी

भालचंद्ररावांनी शेखरला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पिंपळगाव राजात, एका लग्नाच्या मांडवाबाहेर. पाहुण्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि पन्नाशीचा, अंगानं सुकलेला एक माणूस एकेका बॉनेटवर हात ठेवत चालला होता. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, अलगद. कोणीतरी विचारलं, "काय पाहून राह्यले शेखरभाऊ?" तो म्हणाला, "काही नाई. कोण लांबून आलं ते पाहून राह्यलो."

पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या भालचंद्ररावांच्या हा माणूस लक्षात राहिला. चौकशी केली तेव्हा कळलं, की शेखरनं खामगावच्या एका डॉक्टरांची गाडी बावीस वर्षं चालवली होती. डॉक्टर गेले आणि शेखर घरी बसला. पण बसू कोणी दिलं नाही. पंचक्रोशीत कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी शेखरला सोबत न्यायचं, असा रिवाजच पडून गेला.

त्याची तपासणी शांत असायची. तो आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. शेवटच्या वीतभर पट्ट्यात गाळ दिसला, तर गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. मग पेडलचं रबर पाहायचं. मीटर चाळीस हजार सांगतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. क्लच, पुढच्या चाकांची खडखड, टर्बोची शिट्टी, सगळं ओळीनं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन गार हवं. गार इंजिन पहिल्या सेल्फला किती धूर सोडतं आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याचं मन भरत नसे.

निकाल मात्र तो तोंडानं देत नसे. माणसाच्या दारात उभं राहून त्याच्या गाडीला नावं ठेवणं त्याला जड जाई. गाडी चांगली असली की तो त्या घरचा चहा घ्यायचा. नसली की म्हणायचा, "नको जी, पित्त उठलं." एवढ्यावर सगळ्यांना कळायचं. गाडी विकणारे तर म्हणत, "शेखरभाऊच्या पित्तानं आमचा धंदा बसला."

पत्नी शरयूताईंची किडनी गेली आणि मंगळवार-शुक्रवार अकोल्याला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा भालचंद्ररावांना गाडीची गरज पडली. पहिले चार महिने त्यांनी कधी एसटीनं, कधी भाड्याच्या गाडीनं काढले. परत येताना एसटीत शरयूताईंना बसवत नसे. दर वेळी भाड्याची गाडी वेळेवर येईच असं नाही, आणि एक फेरी चुकली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायावर सूज आणि छातीत धाप. मधल्या सीटवर आडवं होता येईल आणि चुकूनही रस्त्यात थांबणार नाही, अशी गाडी त्यांना हवी होती.

संग्रामपूरला एक गाडी असल्याचं कळलं. सात सीटची, डिझेलची, नऊ वर्षं वापरलेली. सत्यभामाबाईंच्या मुलाची. मुलगा दीड वर्षापूर्वी आजारानं गेला होता आणि गाडी दारात उभी होती. भालचंद्ररावांनी रीतसर फोन करून सांगितलं, की आम्ही रविवारी दहा वाजता येतो. हे सांगणं त्यांना शिष्टाचाराचं वाटलं. तिथे पोचल्यावर सोबत नेलेल्या शेखरनं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गाडी कोणी नेली होती का, आजी?"

"हाव, पुतण्या दूध आणाले गेला होता. म्हने, पाव्हणे येऊन राह्यले, चालू तर करून ठेवू."

शेखरनं पट्टा ओढला, पेडल पाहिलं, वाकून खाली पाहिलं. तेवढ्यात म्हातारी चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देत म्हणाली, "घे बाबू. याच ओट्यावर बसून चहा पेत होता माया लेक. गाडीकडे पाहत पाहत."

शेखरच्या ओठांवर 'पित्त उठलं' हे शब्द आले होते. त्यानं म्हातारीकडे पाहिलं आणि कप तोंडाला लावला.

भालचंद्ररावांनी एवढंच पाहिलं. चार महिन्यांचा शीण त्यांच्या पाठीवर होता. त्यांनी पिशवीतून सौदा पक्का झाल्याचा नारळ काढला आणि सत्यभामाबाईंच्या हातात ठेवला. म्हातारीनं तो आत नेऊन मुलाच्या तसबिरीपुढे ठेवला, आणि तिचं रडणं बाहेर ऐकू आलं. मग शेखर खाली मान घालून चपला शोधत राहिला.

गाडीनं पाच फेऱ्या नीट केल्या. सहाव्या फेरीला, एप्रिलातल्या एका शुक्रवारी, बाळापूरच्या अलीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा चढला. बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. भालचंद्ररावांनी गावातून घेतलेला ड्रायव्हर बाटलीनं पाणी ओतत राहिला. शरयूताई मधल्या सीटवर आडव्या होत्या, पदरानं वारा घेत. तासाभरानं कांदे उतरवून परतणारा एक टेम्पो थांबला. त्यात पुढे बसून त्या अकोल्याला पोचल्या. डायलिसिसची त्यांची बारी निघून गेली होती. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव शेखरच्या घरी गेले. ओरडायची त्यांना सवय नव्हती.

"शेखर, तुम्ही चहा घेतला होता."

शेखर म्हणाला, "चहा मी म्हातारीचा घेतला, भाऊसाहेब. गाडीचा नाई."

"मग मला बोलला का नाहीत?"

"कवा बोलू? कप खाली ठेवाच्या आत तुम्ही नारळ काढला." तो पुढे म्हणाला, "रस्त्यानं बोलाले पायजे होतं. दीड तास होता. इंजिन गरम होतं, काही कळलं नाई, उद्या सकाळी परत पाहू, एवढंच म्हनाचं होतं. तुम्ही किती दिवसांनी हसून राह्यले होते. मी गप बसलो."

भालचंद्ररावांना आपला फोन आठवला. दहा वाजता येतो, असं सांगणारा. ते उठले.

गाडी शेखरनंच ओढून आणली. इंजिनचं हेड उतरवलं, खामगावला नेऊन घासून आणलं, गॅस्केट बदललं, रेडिएटर साफ केला. यात बारा दिवस गेले. तेवढे दिवस शरयूताई पुन्हा भाड्याच्या गाडीनं गेल्या. गाडी परत आली तेव्हा भालचंद्रराव थकून म्हणाले, "विकून टाकू आता."

"विका. पण घेणारा मलेच पाहाले बोलावीन ना," शेखर म्हणाला. "तवा काय करू?"

शरयूताई आतून म्हणाल्या, "तेव्हा पित्त उठू द्या. त्या दिवशी कुठं गेलं होतं कोण जाणे."

शेखर हसला, पण डोळे खालीच होते. मग त्यानं गाडीविषयी खरं ते सांगितलं. गाडी आता चालेल. पण हेड एकदा तापलेलं आहे; काट्यावर डोळा ठेवावा लागेल, दर फेरीआधी पाणी पाहावं लागेल, चढावर एसी बंद करावा लागेल. ज्याला तिचा आवाज कळत नाही त्याच्या हाती ती देऊ नये. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं चावी परत दिली नाही. खिशात ठेवली. भालचंद्ररावांनी मागितलीही नाही.

शेखर आता कोणाची गाडी पाहायला जात नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेपाचला तो भालचंद्ररावांच्या दारात येतो, गार इंजिनाचं पाणी पाहतो, शरयूताईंना चढायला खाली लाकडी पाट ठेवतो. त्या विचारतात, पण निघताना तो चहा घेत नाही. परत आल्यावर घेतो.