पानावरचा हात

जेवायला बसली की ती पानावर हात आडवा धरायची. वाढणारा समोर आला की, "स्वल्प थांब रे," म्हणून आधी सगळी पंगत डोळ्यांखालून घालायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, वाढणाऱ्याचा जीव खातात!

व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत सगळे तिला अक्काच म्हणायचे. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, आम्ही पुण्याहून कालपरवा आलेले. "निम्मं इंग्लिशच की गं तुझं मराठी!" असं मला चिडवायची. आणि हिचं निम्मं कन्नड, त्याचं काय?

जगातल्या भुकेवर बोलायला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ही कल्पना माझी. घरटी एक पदार्थ, केळीची पानं, क्लबहाउसच्या हॉलमध्ये पंगत. आधी चर्चा, मग जेवण. एकाने पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. दुसरा अन्नाच्या हक्कावर इतका बोलला, की माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी एकदाचं वाढायला घेतलं, तर अक्काचा हात पानावर.

"गेटवरची माणसं, झाडूवाल्या बायका कुठे बसल्यात?"

"त्यांना नंतर देऊ ना अक्का. उरेल भरपूर."

"सरी, बरं. मग मलाही उरलेलंच वाढ. मी थांबते."

मला वाटलं, गंमत करतेय. कसली गंमत! जेवायचं म्हणून तिने इन्सुलिन टोचून घेतलेलं, माझ्यासमोरच. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम दिसला आणि माझी पाचावर धारण बसली.

"अहो, निदान केळं तरी खा!"

"पंगत भरू दे."

अस्सा राग आला म्हणून सांगू! तशीच अनवाणी गेटकडे पळाले. तिथले दोघे आणि जिना झाडणाऱ्या बायका यायला तयार होईनात, त्या हॉलमध्ये त्यांना कुणी कधी बसवलंच नव्हतं. अक्षरशः हाताला धरून आणलं सगळ्यांना. गेटवर नवऱ्याला उभं केलं.

ती मंडळी बसल्यावर अक्काने हात उचलला. "आधी पायस वाढ गं, चक्कर येतेय." मी वाढलं आणि तिथेच रडले. ती मात्र शांतपणे जेवत होती.

पुढे दर महिन्याच्या पंगतीला गेटवर नवऱ्याची ड्यूटी ठरूनच गेली.

परवा अक्काचं तेरावं त्याच हॉलमध्ये झालं. हेब्बाळहून आलेला तिचा मुलगा स्वतः वाढायला उभा राहिला आणि गोंधळला. पंगतीत एकेका पानावर हात आडवा होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काय झालं? जेवत का नाही कुणी?"

"स्वल्प थांब रे," मी म्हटलं. नवरा नुकताच गेटवर गेला होता, तिथले दोघे अजून यायचे होते.