कुणाचाच नसलेला पाद्री

"मी कुणाचाच न्हाई, बानुतान. मला जाऊ दे."

"आत्ता! कुणाचाच न्हाईस व्हय? मग बावीस वर्सं आमचा भात कुणी खाल्ला, भुतानं?"

"म्हातारी मरायला टेकलीया. सांगावा आलाय."

"माझी सासू हाय ती, आपो. मला नगंस सांगू."

फादर लीव्हेन उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. घराखालच्या खांबांशी डुकरं घुरघुरत होती. पूर्वसमुद्रातल्या एका बेटावरच्या, कलिंगाच्या त्या डोंगरात लहानथोर सगळे त्याला आपो म्हणत, म्हणजे आजा. पण आज्याला लागतं तसलं जड बूड देवानं त्याला दिलंच नव्हतं. पायाला भिंगरी. वाट्याला अकरा गावं होती, आणि एका गावात शिजलेलं तो दुसऱ्या गावात जाऊन पचवतो, असं बायका म्हणायच्या. तिकडं बेल्जियममध्ये बाप जवस पिकवायचा. "ह्याला नांगराला जुंपा न्हाईतर पाद्री करा, घरात ठेवू नका," असं बापच म्हणाला होता म्हणे.

आला तेव्हा दालिगच्या, म्हणजे बानुतानच्या गावच्या लोकांनी त्याच्या नावानं डुक्कर कापलं, हा आपला माणूस म्हणून गावात मोजला. गडी तेव्हा फुशारून गेला होता. घरी चार पानी पत्र लिहिलं होतं. आपल्याला कुणी मोजलं की आपल्याला बांधलंही, हे कळायला त्याला पुढं बरीच वर्षं लागली.

आणि नदीपलीकडं सुमायो. तिथली चुम्या म्हातारी. जपान्यांच्या लढाईत तिनं त्याला चार महिने भाताच्या कोठारात दडवला होता. रताळी खायला घालायची, आणि हा बाहेर डोकावला की नडगीवर काठी हाणायची. बाप्तिस्म्याचं विचारलं की म्हणायची, "मरताना ये, मग बघू." बारा वर्षं तो त्या 'मग बघू'वर जीव टांगून होता. आता वेळ आली होती, आणि वाट बंद होती.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी एका लग्नात दालिगच्या एकाला उसाची दारू चढली आणि त्यानं सुमायोच्या एकाच्या खांद्यात भाला खुपसला. माणूस वाचला, दोन गावांमधला सलोख्याचा करार मेला. दालिगकडून तो करार सांभाळणारा बानुतान. त्याची बायको उगायोन सुमायोची लेक, चुम्याचीच. तीसुद्धा आईकडं जाऊ शकत नव्हती.

"तुला कुणी कापला," बानुतान बोटं मोडत म्हणाला, "तर आमाला त्यांचा एक तरी कापावा लागंल. मग ते आमचा कापतील."

"मला सूड नको."

"तुला कोण इचारतंय? मेलेल्याला मत असतंय व्हय?"

"मग मला मोजू नका. नाव काढा माझं."

उखळात कॉफी कांडणाऱ्या उगायोनचं मुसळ वरच्या वर थांबलं. "आपो, डुकरालाबी धनी असतोय," ती म्हणाली. "ज्याला धनी न्हाई त्याला वाटंत कुणीबी कापावा."

"कापू दे. पण म्हातारी थांबायची न्हाई."

गावची जाणती माणसं जमली. बोलता बोलता दुपार झाली. फादरनं तोवर अंगणात येरझाऱ्या घालून गवत मेलेली एक वाट पाडली. शेवटी सगळ्यात म्हातारा उठला आणि त्याच्या तोंडावर म्हणाला, आजपासून हा आमचा नव्हे. उगायोननं त्याच्या हातातला पाण्याचा भोपळा काढून घेतला आणि पाणी मातीत ओतलं. रीतच तशी. पण नदीच्या उतारापर्यंत ती मागं मागं आली.

"आईला सांग…"

"काय सांगू?"

"काय न्हाई. जा तू."

पलीकडच्या काठावर तिघं भाले घेऊन उभे होते. "कुणाचा रं?"

"कुणाचाच न्हाई."

तिघं खदाखदा हसले. "असला माणूस असतोय व्हय? मारून तरी काय मिळायचं, नाव ना गाव!" पण चालू लागला तसे ते मागं लागले. वाटेत घरं लागली, कुणी पाणी दिलं नाही. घरधन्यानं आधी स्वतः घोट घेऊन मग पाहुण्याच्या हातात दिलेलं पाणी, म्हणजे आता ह्याचा जीव माझ्या घरावर. ते ओझं घेणार कोण?

चुम्या चटईवर पडली होती, नुसती हाडं. "आलास, भिंगऱ्या? पाणी दिलं का कुणी?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं भोपळा उचलला, घोटभर घेतला, त्याच्या हातात दिला. दारातले तिघं कण्हलेच. एकानं भाला भिंतीला टेकवला.

"आता बोल, आये," फादर गुडघ्यावर बसला. "बारा वर्सं झाली."

"लेक कुठाय माझी?"

"वाट बंद हाय."

"मग तुला कशाला बोलावलाय, गाणी म्हणायला? तो भाला घे. तू त्यांचा ऱ्हायला न्हाईस, आमच्यात आत्ता आलास. असला गडी ह्या डोंगरात दुसरा न्हाई. बानुतानच्या हातात दे. त्यानं धरला तर करार पुन्ना जुळला, वाट उघडली. लेक रडल्याबिगर मी मरायची न्हाई."

"आणि बाप्तिस्मा?"

"आधी लेक."

"मी येईस्तवर गेलीस तर?"

"तर गेले. लई इचारतोस बघ."

एवढं बोलून तिला ग्लानी आली. तिघं खाली अंगणात उतरले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या हातातल्या भोपळ्यात पाणी होतं. कपाळावर तीन थेंब, ओठातल्या ओठात एक वाक्य, बस. रोमच्या हिशोबानं आत्मा वाचला असता. हात वर गेलाही. पण इथं पाणी देतात ते समोरच्याच्या डोळ्यात बघून, आणि म्हातारीचे डोळे मिटलेले. त्यानं भोपळा खाली ठेवला, भाला घेतला आणि वाटेवर पळतच सुटला.

दालिगमध्ये त्याला वेशीवरच थांबवला. परक्याला थांबवतात तसा. बानुताननं भाल्याकडं बराच वेळ बघितलं, मग बायकोकडं, मग धरला.

दिवस उगवताना उगायोन आणि फादर नदी उतरले. म्हातारी जिवंत होती. लेकीचा हात हातात घेऊन तिनं दारातल्या फादरला मानेनंच सांगितलं, थांब जरा. तो थांबला. शिडीच्या पायरीवर, सकाळपासून दुपारपर्यंत, एका जागी. आत मायलेकींचं बोलणं चाललं होतं, मधूनच हसणंही. तीनदा तो उठला, तीनदा बसला. आत गेला असता तर कुणी अडवलं नसतं. मग आतून उगायोनचा हंबरडा आला.

गेलेल्या म्हातारीला तिथल्या रीतीनं खुर्चीत बसवून बायका रडायला बसल्या. फादर तिच्या पायाशी गेला, क्रूस काढला नाही, नडग्या हातांत धरून घटकाभर बसला. बिशपला हे काय म्हणून लिहायचं ते त्याला सुचेना, आणि पुढंही कधी सुचलं नाही. दालिगवाले त्याला परत मोजायचं का नाही यावर भांडतच होते.

बाहेर आला तर अंगणात माणसं बसलेली. पाद्री आलाय म्हटल्यावर कुणी गळू घेऊन आलेलं, कुणी ताप. पुढं एक बाई गाल धरून होती. त्यानं पिशवीतून पकड काढली, धोतराला पुसावी तशी झग्याला पुसली.

"कवापासून ठणकतीया?"

"चार दिस झालं, आपो."

"आ कर."