सात सायकली, सात पिवळी जाकिटं

रोज एकाच रस्त्यानं सायकल हाणणाऱ्यांजवळ किस्से साचतातच. चेन उतरली की एक, चहाला थांबलं की दुसरा! आम्ही सात जण गावाहून वरठीला कारखान्यात सायकलनं जातो. मी फिटर, देवानंद वेल्डर, कांताबाई कॅन्टीनमध्ये, आणि मोतीरामभाऊ आमच्यात सगळ्यात वडील. बाकीचे तिघं बोलत नाहीत, नुसते पायडल मारतात. सातही जणांच्या अंगात पिवळं, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. पण ते काही सहजासहजी अंगावर चढलं नाही.

*

थंडीत आमच्या तलावाजवळच्या वळणावर धुकं असं बसतं, की पुढच्याची सायकल फक्त आवाजानं कळते. तशाच एका सकाळी मागून आलेल्या जीपचा आरसा मोतीरामभाऊंना लागला. भाऊ सायकलसकट रस्त्याखालच्या, धान कापलेल्या शेतात! खांदा निखळला.

जीपवाला पळाला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. धावतच आला. "काका, आईशप्पथ, तुमी दिसलेच नाही!"

भाऊ खाली बसल्या बसल्या म्हणाले, "सत्तर किलोचा माणूस आहो रे बावा, मच्छर आहो काय?"

आम्ही हसलो. पण भाऊ दीड महिना घरी होते. त्या दीड महिन्यात वळण आलं की आमच्यातला प्रत्येक जण मागं वळून पाहायचा.

*

भाऊ परत आले त्या आठवड्यात कारखान्यातल्या सेफ्टीच्या साहेबांनी आम्हाला जाकिटं दिली. सगळ्यांनी घातली, भाऊंनी घडी करून पिशवीत ठेवलं.

"या वयात नवरदेवावानी चमकू का मी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घ्यायला गेलो, तर त्यांच्या बायको, आमच्या काकू, दारात जाकीट घेऊन उभ्या. दुखऱ्या खांद्याला धक्का न लावता त्यांनी स्वतःच ते भाऊंच्या अंगात घातलं.

"नवरदेव होते तवा मले दिसले, तेवढं पुरे झालं. आता ट्रकवाल्याले दिसा!"

भाऊंनी त्या दिवसापासून एकदाही जाकीट काढून ठेवलं नाही!

*

कांताबाईंचं वेगळंच. नऊवारीवर पिवळं जाकीट घालून त्या पहिल्यांदा निघाल्या, तेव्हा पानठेल्यावरची सगळी मंडळी खो-खो हसली. एक जण ओरडला, "कांताबाई, गावात सर्कस आली का वो?"

आम्हाला वाटलं, बाई आता जाकीट काढून फेकतील. त्यांनी ब्रेक मारला, एक पाय टेकवला.

"सगळे हसून राहिले न?"

"हो!"

"म्हणजे सगळ्याईले दिसून राहिली. बस्स, मले तेवढंच पाहाचं होतं!"

*

देवानंदचा मात्र जाकिटावर अजिबात विश्वास नव्हता. आणि त्याला कारणही मिळालं. भर दुपारी, लख्ख उन्हात, अंगात जाकीट असताना एका मोटरसायकलवाल्यानं त्याला मागून ठोकलं. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल!

देवानंदचं कोपर सोललं, चाकाचा आठ झाला. मोटरसायकलवाला त्याला उठवता उठवता म्हणतो, "काका, जाकीट मस्त आहे जी! कुठून घेतलं?"

"तुले आत्ता दिसलं काय बे?"

त्या दिवशी देवानंद आम्हाला म्हणाला, "जाकीट पाहणाऱ्यासाठी असते. पाहतच नसन, तं काय कामाचं?"

*

पण देवानंद वेल्डर आहे. स्वतः ठोकून पाहिल्याशिवाय कोणताच जोड पक्का मानत नाही. एका रविवारी तिन्हीसांजेला त्यानं मला मोटरसायकलवर बसवलं, लाईट लावायला सांगितला, आणि स्वतः सायकल घेऊन पुढं गेला. "मी दिसलो की हॉर्न मार."

बिनाजाकिटाचा देवानंद मला एका विजेच्या खांबाच्या अंतरावर दिसला. जाकीट घातल्यावर तीन खांबांवरून. मग त्यानं एका फाटक्या जाकिटाची पट्टी कापून घोट्यांना बांधली. पायडल मारताना ती वर-खाली होत होती. मी लांबूनच ओरडलो, "सायकलवाला आहे!"

देवानंद माझ्याजवळ आला.

"माणसाले वाचवणारा देव नाही हा. पण ड्रायव्हरले तीन खांबाची सवड देते. तेवढ्यात ब्रेक लागते."

कांताबाईंनी सातही जणांच्या घोट्यांसाठी पट्ट्या शिवल्या. आता देवानंद पट्टी विसरलेल्या माणसाला चक्क घरी परत पाठवतो!

*

आणि मागच्या हिवाळ्यातली ती सकाळ. धानाच्या पोत्यांची ट्रॉली रस्त्यावर आडवी झालेली, ड्रायव्हरचा पाय पोत्यांखाली. धुक्यात आम्हीच पहिले पोचलो.

मोतीरामभाऊंनी एका क्षणात कामं वाटली. "दोघं इकडे, दोघं तिकडे, एकेका खांबाच्या अंतरावर उभे राहा. आम्ही तिघं पोते उचलतो." ज्या खांद्यानं भाऊंना दीड महिना घरी बसवलं, त्याच खांद्यावर ते पोती घेत होते.

कांताबाई सगळ्यात लांबच्या खांबाजवळ, रस्त्याच्या कडेला. धुक्यातून एसटीचे दिवे आले. बाईंनी दोन्ही हात वर केले. ब्रेक करकचले, बस थांबली. गाडी भरलेली होती. खिडक्यांतून कॉलेजच्या पोरी, बाजाराला निघालेल्या बाया.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. पुढं जाऊन आडवी ट्रॉली पाहून आला. त्यानं बाईंकडे, मग आमच्या पिवळ्या रांगेकडे पाहिलं.

"बाई... कोणतं डिपार्टमेंट जी तुमचं?"

"सायकलचं!" कांताबाई म्हणाल्या. बसच्या मागं आणखी दिवे दिसले, तशा त्या हात वर करून तिकडे धावल्या.